साडेसातचा क्लास, डोंबिवली पूर्व : दहा महिने जाऊन झाल्यावर लिहितेय

आधी कशाचा क्लास ते सांगते कारण मलाही पहिल्यांदा ऐकून काही कळलं नव्हतं. योगा नाही, झुंबा नाही, मोबाइलवरचे मेंदूचे गेम तर अजिबात नाहीत. साठीच्या पुढच्या धडधाकट लोकांसाठी मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस, सकाळी साडेसात ते साडेआठ, एका जुन्या हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर, आणि त्यात शरीराचा आणि डोक्याचा व्यायाम एकाच वेळी करून घेतात. आधी हातपाय हलवा आणि मग बसून कोडी सोडवा असं नाही, पाय चालू असतानाच डोकं पण चालू. महिन्याचे १२०० रुपये, पहिला आठवडा फुकट. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं साडेसातचा क्लास म्हणतात.

मी ६७ वर्षांची. ३१ वर्षं डोंबिवली ते व्हीटी अपडाऊन केलं, ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लेडीज डब्यात मटार सोलायचो, मेथी निवडायची, तोंडाने गप्पा चालू, एक कान पुढच्या स्टेशनकडे, मनात घरी गेल्यावर काय करायचंय त्याचा हिशोब, आणि हे सगळं हलत्या गाडीत पाय रोवून उभं राहून. रिटायर झाल्यावर हे सगळं एकदम थांबलं. चालायला जायचं तर नुसतं चालायला, सुडोकू सोडवायचं तर सोफ्यावर बसून, फोन आला की खुर्ची ओढून बसून बोलायचं. एका वेळी एकच काम. आराम वाटायचा, वाटणारच. पण सात वर्षांत काहीतरी सुटत चाललं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते स्टेशनच्या पुलावरून उतरताना. बहिणीचा फोन होता, तिला डॉक्टरची वेळ सांगत होते, आणि शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकला तर पायरी होती. घोटा मुरगळला, तीन आठवडे क्रेप बँडेज. डॉक्टरांनी विचारलं, पडलात तेव्हा काय करत होतात, मी म्हटलं बोलत होते. ते म्हणाले पाय ठीक आहे तुमचा, गुडघे पण वयाच्या मानाने चांगले आहेत, बोलता बोलता चालायची सवय गेलीय. त्यांनीच या क्लासचं सांगितलं.

पहिल्या दिवशी व्यायाम काहीच नव्हता. बीपीच्या गोळ्या कुठल्या, गेल्या वर्षभरात पडलात का, चक्कर येते का, ऐकायला कमी येतं का, सगळं विचारून घेतलं आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. मग एक छोटी चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मला ९ सेकंद लागले. मग फिजिओ मॅडम म्हणाल्या आता काकू तेच करा पण शंभरातून तीन तीन वजा करत मोठ्याने बोला. ९७, ९४, ९१ पर्यंत ठीक आणि मग वळताना मी चक्क उभीच राहिले. मध्ये थांबून वजाबाकी केली आणि मग निघाले. १४ सेकंद. मी अकाउंट्समध्ये नोकरी केलेली बाई, ८८ मला झोपेत पण येतं, वजाबाकी कठीण नव्हतीच. पाय आणि आकडे दोन्ही एकदम सांभाळता येईनात.

मॅडमनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये वृद्धांच्या निवासातल्या लोकांवर अगदी साधं निरीक्षण केलं होतं. चालत असताना त्यांच्याशी बोलायला सुरुवात करायची आणि कोण चालता चालता बोलतं आणि कोण बोलण्यासाठी थांबतं ते बघायचं. जे थांबायचे त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. ऐकलं आणि मला माझ्या सासूबाई दिसल्या. फडके रोडवरून देवळात जाताना त्या दर चार वाक्यांना थांबायच्या, उभं राहून वाक्य पूर्ण करायच्या, मग पुढे. आम्हाला वाटायचं त्यांची बोलायची पद्धतच तशी. नंतर दोनदा पडल्या, दुसऱ्या वेळी खुबा मोडला. आणि शेवटची सहा वर्षं विस्मरणात गेली, मला त्या त्यांच्या आईच्या नावाने हाक मारायच्या. तेव्हा कुणी सांगितलं असतं की ते थांबणं पण बघण्यासारखं आहे तर निदान हात धरून चाललो असतो.

आता क्लासमध्ये काय होतं ते. पहिली दहा मिनिटं सांधे मोकळे करणं, नेहमीचं. मग जागच्या जागी पावलं टाकत आकडे मोजायचे आणि तीनच्या पाढ्यातल्या आकड्याला टाळी, तीनला टाळी, सहाला टाळी. पंधरापर्यंत मजेत जातं. मग मॅडम म्हणतात टाळीच्या वेळी आकडा तोंडाने बोलायचा नाही. मग म्हणतात टाळी तीनला पण पाऊल चारला बाजूला. इथे हॉलमध्ये एकदम शांतता होते, बावीस जण डोळे वर करून मोजत असतात. ही पद्धत जपानची आहे, आयची प्रांतात ओबू नावाच्या गावात त्यांची वृद्धांच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था आहे तिथे बसवली, कॉग्निसाइज म्हणतात तिला. त्यातला मला पटलेला नियम म्हणजे अधूनमधून चूक व्हायलाच पाहिजे. न चुकता यायला लागलं की तो प्रकार बंद, दुसरा सुरू. मॅडम रोज म्हणतात, चुकलं का, छान, आता खरं काम सुरू झालं. आयुष्यभर चुकायला घाबरलेल्या माणसांना हे ऐकायला किती बरं वाटतं ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

मग चौकटींची मॅट. ही पण जपानचीच, शिगेमात्सू आणि ओकुरा या संशोधकांनी २००६ च्या सुमारास मांडलेली. एक मीटर रुंद, अडीच मीटर लांब, त्यावर २५ सेंटीमीटरच्या ४० चौकटी, आडव्या चार आणि उभ्या दहा. एक जण पुढे चालून दाखवतो, कुठल्या चौकटीत कुठला पाय, तिरपा की सरळ की मागे, आणि आपण ते बघून लक्षात ठेवून तसंच चालायचं, रेषेवर पाय न देता. आमच्या बायकांनी बघितल्या बघितल्या म्हटलं अगं ही तर ठिकरी! लंगडी न घालता खेळायची ठिकरी. सोप्या नक्ष्या दोन पावलांच्या, अवघड आठ पावलांच्या, आणि त्या आठ पावलं लक्षात ठेवताना पाय कुठे पडतोय ते पण बघायचं असतं. मला हा भाग सगळ्यात उपयोगी वाटला कारण आपण पडतो ते सरळ रेषेत चालताना क्वचितच, बाजूला सरकताना, मागे पाय टाकताना, वळताना पडतो.

पण क्लासचा खरा जीव आहे तो त्यांनी आपल्याकडचं जे आत घेतलंय त्यात. आमच्यातल्या सत्तरीच्या पुढच्या लोकांना शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतलेली आहे. साठ वर्षांत कुणी म्हटली नव्हती. एका गुरुवारी एक आजोबा मॅटवर चालत दिडकी म्हणायला लागले, दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, आणि साडेसातला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या कारण क्लासचीच वेळ. आता ती नेहमीची झालीय, पुढे जाताना सरळ, मागे येताना उलटी. आणि दुसरं म्हणजे स्टेशनं. जागच्या जागी पावलं टाकत डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. सरळ सगळ्यांना येतं, उलट पण येतं कारण आम्ही रोज परत यायचोच की. म्हणून मॅडमनी एक सोडून एक म्हणायला लावलं. डोंबिवली, दिवा, कळवा, मुलुंड. आणि इथे सगळे अडकतात कारण ठाणं सोडावं लागतं आणि तीस वर्षं अपडाऊन केलेल्या माणसाची जीभ ठाणं सोडायला तयारच होत नाही. त्या एका क्षणी पाय पण थांबतात, प्रत्येकाचे. सवयीचा शब्द तोंडाशी आलेला गिळायचा आणि पाऊल चालू ठेवायचं, हे किती अवघड आहे ते करून बघा, घरात भिंतीजवळ उभं राहून करा पण.

शनिवारी लेझीम. एक ७२ वर्षांचे रिटायर्ड पीटीचे सर शिकवतात, सहाच हात बसवलेत, पण क्रम दर आठवड्याला बदलतात. आणि श्रावणात मंगळागौरीचे खेळ घेतले होते, झिम्मा, पिंगा, गाणी म्हणत. फुगडी मात्र घेतली नाही आणि मला ते योग्य वाटलं, गरगर फिरणं या वयात नको. मला सारखं वाटत होतं की आपल्या आया-आज्या हेच करत होत्या, गाणं लक्षात, ताल लक्षात, समोरचीच्या टाळीवर टाळी, आणि पाय थकेपर्यंत चालू. त्यांनी त्याला व्यायाम म्हटलं नाही एवढंच.

आमच्या ह्यांचं सांगते कारण घरोघरी हेच असणार. ते ७१, रोज पाच किलोमीटर चालतात, त्यामुळे मला काय गरज. मी ओढून नेलं तर पहिल्याच आठवड्यात टाळी चुकीच्या आकड्याला वाजली आणि दुसऱ्या दिवशीपासून येईनात. कंटाळा आला म्हणाले पण मला कळलं होतं, चार लोकांसमोर चुकणं त्यांना सहन झालं नाही. आमच्या बॅचमध्ये बावीसपैकी पुरुष फक्त सात, ते याच्याचमुळे असं माझं मत. लेझीम सुरू झाल्यावर पीटीच्या सरांनी स्वतः फोन करून बोलावलं, ‘तुमच्या शाळेत होती ना लेझीम, या मदतीला’, आणि मदतीला म्हणून गेलेला माणूस आता तिन्ही दिवस येतो. क्लासवाल्यांना माझी विनंती आहे की पुरुषांना असंच काहीतरी काम देऊन बोलवा, रुग्णासारखं बोलवलं तर यायचे नाहीत.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या. मनापासून सांगतेय कारण क्लास चांगला आहे म्हणूनच राग येतो.

सगळ्यात पहिली म्हणजे बाहेर लावलेला बोर्ड. त्यावर लिहिलं होतं विस्मरणाचा आजार टाळा, खात्रीशीर उपाय. हे चूक आहे. सासूबाईंची सहा वर्षं मी काढलीत, असल्या खात्रीच्या शब्दावर घरचे लोक किती आशेने पैसे टाकतात ते मला माहितीय. मी मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच मान्य केलं की अशी खात्री कुणालाच देता येत नाही. फिनलंडमध्ये फिंगर नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, ६० ते ७७ वयाचे १२६० लोक, दोन वर्षं. व्यायाम, मेंदूचा सराव, आहार आणि बीपी-शुगरवर लक्ष हे सगळं मिळून केलं, आणि ज्यांनी केलं त्यांची विचारशक्तीच्या चाचण्यांमधली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती, साधारण २५ टक्क्यांनी. अमेरिकेत तशाच धर्तीवरचा अभ्यास झाला दोन हजारांवर लोकांचा, २०२५ मध्ये निकाल आला, त्यात दोन्ही गट सुधारले, आणि ज्यांचं वेळापत्रक आखून पाठपुरावा केला ते थोडे जास्त सुधारले. म्हणजे फायदा आहे, खरा आहे, पण सुधारणा होणं वेगळं आणि आजार होणारच नाही हे वेगळं. आणि तिथे सुद्धा नुसता व्यायाम नव्हता, ताट पण बदललं होतं. चार महिने मागे लागल्यावर तो बोर्ड काढला. आता नुसतं तोल, ताकद आणि लक्ष यांचा सराव असं लिहिलंय. एवढं पुरे आहे की. लोक यायचे कमी झालेले नाहीत.

दुसरी, मॅट. सुरुवातीला फ्लेक्सवर छापून घेतली होती, निवडणुकीचे बॅनर असतात त्या फ्लेक्सवर. स्वस्त पडते. टाइल्सवर ती सरकते हो! पावसाळ्यात ओल्या चपला बाहेर काढून आलेले ओलसर पाय आणि खाली फ्लेक्स, म्हणजे पडू नये म्हणून आलेली माणसं तिथेच पडायची. मी आणि अजून तिघींनी त्यावर चालायला सरळ नकार दिला. पुढच्या महिन्यात जाड रबरी मॅट आली आणि सगळ्यांनी मागे पट्टा असलेले बूट घालायचे असा नियम झाला. लगेच ऐकलं, त्याबद्दल कौतुक, पण आधी सुचायला हवं होतं.

तिसरी जास्त गंभीर. दिवाळीत मॅडम गावी गेल्या तेव्हा एक बदली मुलगा आला, वीस-बावीसचा, त्याने मॅटची शर्यत लावली. दोन गट, कोण आधी पोचतं. एक काका, वय ७८, घाईत तिरपं पाऊल टाकताना गेलेच होते, बाजूच्या खुर्चीचा हात सापडला म्हणून वाचले. इथे वेग हा मुद्दाच नाही, हे शिकवणाऱ्याला माहिती नसेल तर त्याला उभं करू नका, त्यापेक्षा दोन दिवस क्लास बंद ठेवा. परत आल्यावर मॅडमनी सगळ्यांची माफी मागितली आणि बदली कोण येणार ते आता आधी कळवतात.

आणि तो पहिला मजला. लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या, मोजलेल्या आहेत. ज्यांचे गुडघे धरलेत त्यांनाच या सरावाची जास्त गरज आणि तेच येऊ शकत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधल्या एक मावशी दोनदा अर्ध्या जिन्यातून परत गेल्या. तळमजल्याची जागा शोधतोय असं दहा महिने ऐकतेय. लग्नाच्या मोसमात हॉल भाड्याने जातो तेव्हा पाच-सहा क्लास बुडले, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते केले नाहीत. आणि स्पीकर एवढा मोठा लावतात की ज्यांना कानात मशीन आहे त्यांना मॅडमचा आकडाच ऐकू येत नाही, मग ते चुकतात ते ऐकू न आल्यामुळे, आणि त्यांना वाटतं आपलं डोकं चालत नाही. हे फार वाईट आहे आणि आवाज कमी करायला एक रुपया लागत नाही.

मुलाने वाढदिवसाला टॅबलेटवर मेंदूच्या खेळांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं होतं, त्याच्याशी तुलना करते. मी रोज खेळायचे, माझे मार्क वाढत गेले, पण त्या खेळातलेच. अमेरिकेत २८०० च्या वर ज्येष्ठांवर असा सराव करून बघितला होता, २००२ मध्ये छापून आलं, त्यातही ज्यांना स्मरणाचा सराव दिला ते स्मरणात सुधारले, ज्यांना वेगाचा दिला ते वेगात. जे करता ते सुधारतं. मग मला जे सुधारायचंय, पुलावरून उतरताना बहिणीला डॉक्टरची वेळ सांगणं, तेच करायला पाहिजे ना. सुडोकू मी अजून सोडवते, आवडतं म्हणून.

मला काय फरक पडला. दहा महिन्यांनी तीच खुर्चीची चाचणी परत घेतली, साधी साडेआठ सेकंद, वजाबाकी करत साडेदहा. आधी १४ होते. पण एवढ्या वेळा सराव केल्यावर त्या चाचणीत मार्क वाढणारच, त्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही. मला खरं वाटलं ते गेल्या महिन्यात. दादरहून येताना, हातात पिशवी, पुलावर गर्दी, एका मुलीने विचारलं आजी ठाकुर्लीला ही गाडी थांबेल का, मी तिला उतरता उतरता सांगितलं, फास्ट आहे, थांबणार नाही, मागची स्लो घे, आणि खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी थांबले नव्हते. कठड्याला हात होता, तो असतोच, असायलाच हवा. पण पाय थांबले नाहीत.

जाणार असाल तर काही गोष्टी. चक्कर येत असेल, बीपी ताब्यात नसेल, नुकतं हाड मोडलं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना विस्मरणाचं निदान झालंय त्यांच्यासाठी हा क्लास नाही, त्यांना वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या सोबतीने घ्यावं लागतं, मॅडम तसं स्पष्ट सांगतात. आणि या तीन तासांवर सगळं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल आणि ताकदीचा सराव सांगते, क्लासमध्ये तोलाचं नीट होतं पण दम लागेल एवढं चालणं होत नाही, ते आपलं आपण करायचं. घरी सराव करायला मी बाल्कनीशेजारच्या खोलीत रंगीत चिकटपट्टीने चौकटी आखल्यात, २५ सेंटीमीटरच्या, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला जड खुर्ची. मोजे घालून करायचं नाही आणि फरशी पुसल्यावर तासभर तरी नाही.

पाचपैकी चार स्टार. तळमजल्यावर आले की पाच देईन, आणि त्या मावशींना मी स्वतः घेऊन येईन.

एखाद्या शनिवारी येऊन नुसतं बघितलं तरी चालतं. सव्वासातलाच या, खुर्च्या भिंतीकडे लावायला दोन हात कमी पडतात.